ओस पडलेला पहारा

शास्त्रपाठ : यहेज्केल ३३:१-९, हबक्कूक २:१



पवित्र शास्त्रात पहारेकऱ्याचा उल्लेख वारंवार येतो. दावीद राजा वेशीत बसून लढाईच्या वार्तेची वाट पाहत होता, तेव्हा वेशीवरच्या धाब्यावर चढून, दुरून एकटाच धावत येणारा मनुष्य ज्याने प्रथम पाहिला तो पहारेकरी होता. इज्रेलच्या बुरुजावरून येहूची टोळी येताना ज्याने पाहिली तोही पहारेकरीच. आपल्या गाऱ्हाण्यास देव काय उत्तर देतो हे पाहावे म्हणून हबक्कूक संदेष्टा पहाऱ्याच्या बुरुजावर जाऊन उभा राहण्याचा निश्चय करितो. आणि यहेज्केलास तर परमेश्वर स्वतःच इस्राएलाच्या घराण्याचा पहारेकरी नेमितो, व त्या कामाची जोखीमही त्यास सांगतो. तलवार येत आहे असे पाहूनही पहारेकऱ्याने शिंग फुंकले नाही आणि लोक मेले, तर त्यांच्या रक्ताचा जाब त्या पहारेकऱ्यास द्यावा लागेल.

हा दाखला समजावयास आपणांस दूर जावयास नको. आपल्या सह्याद्रीच्या रांगेत पहाऱ्याच्या जागा पुष्कळ आहेत आणि त्यांतील बहुतेक आज ओस आहेत. त्यांतील एकीचे वर्तमान मी आज आपणांपुढे ठेवितो. पहारा म्हणजे काय आणि तो ओस कशाने पडतो, हे तेथे डोळ्यांनी दिसते.

पुणे जिल्ह्यात जुन्नरच्या पश्चिमेस, जेथे देश संपतो आणि डोंगर एकदम कोकणात उतरतो, तेथे नाणेघाट नावाची पुरातन वाट आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहन राजांच्या काळी, कल्याण व सोपारा ह्या बंदरांतील माल ह्या वाटेने देशावर चढत असे. घाटाच्या माथ्याशी कातळात कोरलेले एक लेणे आहे. त्याच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतील लेख आजही दिसतो. जवळच एक मोठा दगडी रांजण आहे. येणारेजाणारे व्यापारी आपली जकात त्यात टाकीत, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

जेथे धन जाते तेथे चोराचीही नजर जाते. म्हणून ह्या वाटेच्या रक्षणासाठी भोवताली गड उभे राहिले. चावंड, हडसर, शिवनेरी ही नावे आपण ऐकली असतील. त्यांत घाटाच्या अगदी तोंडाशी असलेला गड म्हणजे जीवधन. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७५० फूट आहे. त्याच्या पश्चिम कड्यावर उभे राहिले असता नाणेघाट समोर दिसतो. कोकणातील शेते व वाड्या खाली पसरलेल्या दिसतात. उत्तरेस हरिश्चंद्रगड, दक्षिणेस ढाकोबाचा डोंगर, आणि कड्यालगतच तीनशे फुटांहून उंच असा वानरलिंगी नावाचा सुळका. त्या जागी डोळस मनुष्य उभा असला, तर घाट चढून येणारा तांडा व्यापाऱ्यांचा आहे की शत्रूचा, हे तो माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच खालच्या लोकांस कळले असले पाहिजे. जागा निवडणाऱ्याने ती उत्तम निवडली होती ह्यात संशय नाही.

परंतु आज तेथे पहारा नाही. कल्याण दरवाजा उभा आहे, पण द्वारपाळ नाही. पाण्याची टाकी आहेत, पण घागर भरणारे कोणी नाही. जीवाई देवीच्या देवळाचे अवशेष आणि धान्याचे दगडी कोठार आहे, पण त्या कोठारात दाणा नाही. सन १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, गड इंग्रजांच्या हाती आला, आणि पुन्हा कोणी येथे ठाण मांडू नये म्हणून त्यांनी चढणीच्या पायऱ्या तोडून टाकिल्या. तेव्हापासून हा गड मुका आहे. सुटीच्या दिवशी शहरांतील हौशी तरुण येतात, दोन घटका थांबतात व उतरून जातात. ते आनंदाने येतात ह्याचा आम्हांस संतोष आहे. पण ते पाहुणे आहेत, पहारेकरी नव्हेत.

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही सेवकबंधू घाटघर गावाच्या बाजूने तो गड चढलो. त्या अंगाने वाट फारशी वापरात नाही. गावातील एक वृद्ध गृहस्थ आमच्याबरोबर आले नसते, तर आम्ही पहिल्या अर्ध्या तासातच वाट चुकलो असतो. प्रथम कारवीचे रान लागते. ती झुडुपे डोक्याच्या वर वाढलेली असतात, आणि पुढचा मनुष्य चार पावलांवर असूनही दिसत नाही. पुढे निसरडा मुरूम. तेथे एक पाऊल वर टाकावे तर अर्धे पाऊल खाली येते. मग कातळ. त्या कातळात पूर्वी पायऱ्या होत्या. आता कोठे अर्धी पायरी शिल्लक आहे, कोठे नुसती खोबण. तेथे पायांबरोबर हातांनीही चढावे लागते. काठी दोरीने पाठीस बांधावी लागते आणि बोलणे आपोआप बंद होते.

वाटेत दम खाण्यास बसलो असता मी त्या वृद्धांस विचारिले, “बाबा, ही वाट कोणी मोडिली?” ते म्हणाले, “साहेब, पायऱ्या साहेबलोकांनी तोडल्या खऱ्या. पण वाट काय कुणी तोडत नाय. पाऊल पडायचं थांबलं, की दोन पावसाळ्यांत वाट आपली आपणच जाते.”

बंधूंनो, हे त्या बाबांचे बोलणे मला मोठे वाटले, आणि पहारा ओस पडण्याचे पहिले कारण त्यात आले आहे. शत्रूने तोडलेली पायरी हाताने धरूनही चढता येते. आम्ही तशीच चढलो. परंतु जेथे पाऊलच पडत नाही तेथे गवत माजते, कारवी मिटते आणि वाट कोठे होती हेही कोणास सांगता येत नाही. प्रार्थनेची वाट अशीच आहे. ती चढणीची आहे आणि पहाटेची आहे. तिच्यावर टाळ्या वाजवावयास कोणी उभे नसते. आपल्या मंडळ्यांवर बाहेरून संकटे आली नाहीत असे नाही. कोणास गावाने पाणी बंद केले. कोणास भाऊबंदांनी घराबाहेर काढिले. कोठे उपासनेच्या जागेवरून तंटा झाला. त्या पायऱ्या दुसऱ्यांनी तोडल्या, हे खरे. तरी ज्या घरात रोज रात्री दिवा लावून शास्त्रपाठ होत असे, त्या घरात तो बंद झाला, तो कोणी बंद पाडिला? आज पाहुणे आले, उद्या अंग मोडून आले, परवा मोबाईलवर काही पाहता पाहता झोप आली. कोणी वैर केले नाही. पाऊल पडावयाचे थांबले, इतकेच. आणि दोन पावसाळ्यांत वाट गेली.

आता दुसरे कारण ऐका. समजा की १८१८ साली त्या पायऱ्या तुटल्या नसत्या. तरी तो पहारा टिकला असता काय? सन १८३० मध्ये मुंबईहून पुण्यास बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. सन १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी चढू लागली आणि १८६५ मध्ये थळघाटातून. आज जुन्नरच्या बाजूने कोकणात उतरणाऱ्या मोटारी माळशेज घाटाने जातात. माल दुसऱ्या वाटेने गेला, माणसेही दुसऱ्या वाटेने गेली, आणि ज्या वाटेवर जीवधनाची नजर होती ती वाट रिकामी झाली. गडाचा कडा आजही तसाच आहे. दिसावयाचे तेही सर्व दिसते. परंतु ज्यांच्यासाठी पाहावयाचे ती माणसेच खालून जात नाहीत.

शेतकऱ्यास हे नव्याने सांगावयास नको. ज्वारी हुरड्यास आली म्हणजे आपण शेतात माळा घालितो आणि गोफण घेऊन पाखरे राखितो. पीक खळ्यावर गेले की माळा ओस. मग त्या चार मेढींवर गोफण घेऊन जो बसून राहील त्यास लोक हसतील, कारण राखण माळ्याची नसते, पिकाची असते. यशया संदेष्ट्यानेही सीयोनेच्या एकटेपणास द्राक्षमळ्यातील खोपीची व काकडीच्या शेतातील माळ्याची उपमा पहिल्याच अध्यायात दिली आहे.

तर मग आपल्या खेड्यांकडे पाहा. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या ऊसतोडीस निघतात. नवराबायको, लेकरेबाळे, शेळी, कोंबडी, सर्व ट्रॅक्टरवर बसून कारखान्याकडे जातात, ते उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. उरलेले तरुण पुण्यास, मुंबईस, औद्योगिक वसाहतीत. रविवारी घंटा वाजते तेव्हा मंदिरात चार म्हाताऱ्या, दोन लहान मुले आणि उपदेशक. पुष्कळ उपदेशकबंधू मला म्हणतात, “पाळकसाहेब, मंडळी राहिलीच नाही, राखू तरी कोणास?” हा प्रश्न खोटा नाही. ज्याने तो विचारिला त्याचे डोळे भरले होते. त्यास मी रागावू शकलो नाही व आजही रागावत नाही.

पण मी त्यास इतके म्हणतो : जीवधनाचा गड दगडाचा होता. वाट बोरघाटात गेली तेव्हा त्यास उठून तिच्यामागे जाता आले नाही. तू दगड नाहीस. तुला देवाने पाय दिले आहेत. मंडळी जेथे गेली तेथे तुझा पहारा गेला पाहिजे. कारखान्याच्या फडावर, उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीत, पहाटे तीन वाजता कोयता घेऊन उठणारी ती बहीण तुझ्या मंडळीतली आहे. तिचे लेकरू तापाने फणफणलेले आहे, शाळा बुडाली आहे आणि जवळ ओळखीचे कोणी नाही. तिच्याकडे महिन्यातून एकदा तरी जा. जाणे न होईल तर तिचे नाव घेऊन रोज प्रार्थना कर व तिला निरोप पाठीव.

आमच्या भागातील एका खेड्यात एक वृद्ध विधवा आहे. तिला सर्व जण मावशी म्हणतात. तिला अक्षरओळख नाही. ऊसतोडीस जाणाऱ्या प्रत्येक घराची किल्ली तिच्याजवळ असते. मावशी रोज सायंकाळी त्या बंद घरांपुढून एक फेरी घालिते, प्रत्येक दाराशी क्षणभर उभी राहते आणि त्या घरातील माणसांची नावे प्रभूपुढे घेते. शनिवारी शेजारच्या मुलाकडून फोन लावून घेते व दोन घरी तरी विचारते, “पोरी, जेवलीस का? लेकरू बरं हाय ना?” एकदा अशाच विचारण्यावरून तिला कळले की एक गरोदर सून आजारी असून टोळीतील कोणी तिला दवाखान्यात नेत नाही. मावशी स्वस्थ बसली नाही. तिने उपदेशकास उठविले, उपदेशकाने त्या गावच्या ओळखीच्या माणसास उठविले, आणि ती सून व तिचे बाळ दोन्ही वाचली. हाच यहेज्केलाचा पहारा. मावशीने वाट चढणे सोडिले नाही आणि माणसांची वाट जिकडे गेली तिकडे तिची नजरही गेली.

येथे मला आपल्या वाडवडिलांविषयी एक गोष्ट बोलावयाची आहे. ती बोलल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. अशा गडांवर हवालदार व सबनीस वर असत. परंतु पायथ्याशी आणि चढणीच्या वाटांवर रामोशी, महार, मांग, कोळी अशा लोकांची वस्ती असे, आणि वाटांची राखण त्यांच्याकडे असे, असे इतिहासकार लिहितात. खेड्यातही तेच होते. वेशीवर रात्रभर जागणारा वेसकर कोण? आपल्यातील पुष्कळांचे आजे-पणजे. ते वेस राखीत. परंतु वेशीच्या आत त्यांस घर नव्हते. गाव झोपे म्हणून ते जागत. परंतु सकाळी त्यांची सावलीही गावास चालत नसे. त्या जागरणाचा मोबदला म्हणजे शिळी भाकर. डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांनी त्या वतनाच्या जाचाविरुद्ध १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडिले, आणि पुढे १९५८ साली मुंबई राज्याने कायदा करून अशी कनिष्ठ गाववतने रद्द केली. ते जू मोडले हे देवाचे उपकार. कोणी ते पुन्हा आपल्या मानेवर ठेवू नये.

मग कोणी तरुण विचारील, “पाळकसाहेब, आमच्या पूर्वजांनी जन्मभर दुसऱ्यांचा पहारा केला. आता आम्ही पुन्हा पहारेकरी व्हावे काय?” बाळा, प्रश्न योग्य आहे, उत्तर ऐक. तो पहारा जन्माने लादलेला होता, हा पहारा हाक मारून दिलेला आहे. त्या पहाऱ्यात तू वेशीबाहेर होतास. ह्या पहाऱ्यात तू घरातला पुत्र आहेस व आपल्याच भावंडांना राखतोस. त्या पहाऱ्यात पाटलाचे भय होते. ह्या पहाऱ्यात प्रीती आहे. प्रभु येशूने गेथशेमाने बागेत आपल्या शिष्यांस घटकाभर जागण्याविषयी विनविले. तो स्वामी असूनही त्याने विनंती केली, आणि ते निजले तेव्हाही तो स्वतः जागाच राहिला. ज्या धन्याने आपल्यासाठी अशी रात्र जागून काढिली, त्याच्या पहाऱ्यावर उभे राहण्यात मनुष्याचा मान कमी होत नाही. तुझ्या आजाच्या हातातील काठी अपमानाची नव्हती. अपमान करणारे दुसरे होते. तो अंधारात पाहू शकत होता, पावलाच्या आवाजावरून माणूस ओळखत होता. ते डोळे व ते कान तुझ्या वारशात आहेत. ते आता प्रभूच्या कामी लाव.

तेव्हा पहारेकऱ्याने करावयाच्या गोष्टी तीन आहेत. पहिली, त्याने चढावे. नित्य, ठरल्या वेळी, मन असो वा नसो. दिवसाकाठी एक पाव घटका का होईना, पण ती चुकवू नये. चढणीची वाट चालण्यानेच राहते. दुसरी, त्याने पाहावे. डोळे मिटून केलेल्या प्रार्थनेनंतर डोळे उघडून गाव पाहावे. कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोणी सावकाराच्या फासात सापडत आहे, कोणाचा मुलगा दारूच्या गुत्त्याकडे वळत आहे, कोणत्या मुलीचे शिक्षण सोडवून कोवळ्या वयात लग्न लावण्याचा बेत चालला आहे, हे ज्यास दिसत नाही तो उंचावर असला तरी आंधळा आहे. तिसरी, त्याने बोलावे. पाहिले आणि गप्प राहिला, तर न पाहिल्यापेक्षा दोष अधिक. बोलणे कठीण असते; समोरचा मनुष्य मंडळीचा वडील असेल, वर्गणी देणारा असेल, आपलाच मेहुणा असेल. तरी नम्रपणे, एकांतात, पण स्पष्ट बोलावे. शिंग फुंकणाऱ्याने सूर गोड लागतो की नाही हे पाहू नये. ऐकू जातो की नाही हे पाहावे.

आणि ह्या सर्वांवर एक समाधान आहे. पहारेकरी हा तारणारा नव्हे. यहेज्केलास सांगितले गेले ते इतकेच की त्याने इशारा द्यावा. ऐकणे न ऐकणे हे त्या मनुष्याकडे. म्हणून ज्या सेवकाने चढून, पाहून, बोलून आपले काम केले, आणि तरीही कोणी गेला, त्याने रात्ररात्र स्वतःस दोष देत बसू नये. आपल्या पहाऱ्यावरही एक पहारा आहे. इस्राएलाचा रक्षक डुलकीही घेत नाही, असे १२१व्या स्तोत्रात सांगितले आहे. गड ओस पडतात, पायऱ्या तुटतात, वाटा एका घाटातून दुसऱ्या घाटात जातात. पण त्याची नजर कोणत्याही वाटेवरून ढळत नाही. कारखान्याच्या फडावरील कोपी त्यास दिसते आणि बंद दारांपुढे उभी असलेली मावशीही दिसते.

तरी प्रिय जनहो, येत्या रविवारी आपली मंडळी लहान असो की मोठी, उपासना झाल्यावर एक काम करावे. जे गावाबाहेर गेले आहेत त्या सर्वांची नावे एका कागदावर लिहावी, आणि प्रत्येकाने त्यांतील दोन नावे घ्यावी. जो लिहू शकत नाही त्याने ती तोंडपाठ करावी. त्या दोघांसाठी रोज प्रार्थना करावी, आणि महिन्यातून एकदा तरी त्यांची खुशाली विचारावी. चार म्हाताऱ्या व एक उपदेशक इतकी मंडळी असली, तरी दहा माणसांवर पहारा बसला. ज्या गावात दहा माणसांची नावे रोज प्रभूपुढे घेतली जातात, ते गाव ओस पडले असे कोणी म्हणू नये.

शांतीचा देव तुम्हां सर्वांस जागे ठेवो, तुमच्या पावलांस बळ देवो, आणि जे दूर आहेत त्यांचे जाणे व येणे राखो. आमेन.